हॉलबाहेरचे बूट

आमच्या शाळेच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिलंय, ‘जिज्ञासा हाच आमचा श्वास’. ती अक्षरं रोज सकाळी घासून चकचकीत करतात. आणि आत वर्गात कुणी प्रश्न विचारला, की त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभं करतात. म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायचा असेल तर वर्गाबाहेर जावं लागतं.

मी नववीत आहे आणि पाचवीपासून इथेच आहे. तेव्हा हे काही ऐकीव नाही, चांगलं भोगलेलं आहे. पाचवीत असताना मी एकदा विचारलं होतं, ‘बाई, समुद्र खारट, तर मग त्याचाच पाऊस गोड कसा?’ मला खरंच कळत नव्हतं हो! बाई म्हणाल्या, ‘परीक्षेत येणार आहे का हे? मग तास कशाला वाया घालवतेस?’ वर्ग हसला आणि मी कानाला खडा लावला. तेव्हापासून मी शाळेत विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे ‘मी पाणी प्यायला जाऊ का?’

बाकी शाळा दिसायला देखणी, त्याबद्दल दुमत नाही. आमच्या ग्रंथालयात पुस्तकं रंगांप्रमाणे लावलेली आहेत, निळी एकीकडे, लाल एकीकडे. त्यातलं एक काढलं तर रांग बिघडते, म्हणून कपाटांना कुलूप. प्रत्येक वर्गात भिंतीएवढा डिजिटल फळा आहे आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर आहे. कव्हर निघालं की आम्ही समजतो, पाहुणे येणार. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते हेच, पण आमच्या घरी कुणाला सांगून पटेल तर शपथ.

आमचे बाबा सोफ्याच्या शोरूममध्ये काम करतात. तिथे सोफ्यामागे एक कपाट आहे आणि त्यात पुस्तकं आहेत. ती पुस्तकं म्हणजे नुसती पुठ्ठ्याची खोकी, आत हवा. बाबाच दर शनिवारी त्यांच्यावरची धूळ झटकतात. असा माणूस आमच्या शाळेचं ग्रंथालय पाहून घरी येतो आणि आईला म्हणतो, ‘अगं, काय पुस्तकं! काय पुस्तकं!’ आता याला काय म्हणावं? शाळेचं स्टिकर त्यांनी स्कूटरच्या पुढेही लावलंय आणि मागेही. येताना दिसावं, जाताना पण दिसावं.

तरी माझ्यापुरतं मी सहन केलं असतं. पण यंदा त्यांनी ठरवलं, धाकट्यालाही याच शाळेत घालायचं.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही सगळे शंकासुर म्हणतो. तो सकाळी डोळे उघडतो तेच प्रश्न घेऊन. मासा पाणी पितो का? लिफ्ट खाली निघाली की पोटात हलकं का वाटतं? टक्कल पडलेल्या माणसाचा चेहरा नेमका कुठे संपतो? हा शेवटचा प्रश्न त्याने बाबांच्या साहेबांना त्यांच्या तोंडावर विचारला होता. त्याची सध्याची शाळा साधी आहे, पंख्याचा आवाज बाईंपेक्षा मोठा, पण त्या बाई त्याला म्हणतात, ‘थांब हं, मलाही माहीत नाही, उद्या शोधून येते.’ आणि खरंच शोधून येतात! अशा पोराला आमच्या शाळेत घालायचं म्हणजे त्याच्या प्रश्नांचं दिवाळं. महिन्याभरात तो माझ्यासारखा होईल, पाणी प्यायला जाऊ का एवढंच विचारणारा. 

मी घरी भांडले, समजावलं, जेवायला बसणार नाही म्हटलं. आई म्हणाली, ‘आधी स्वतःचे मार्क बघ.’ बाबा म्हणाले, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ मार्क कमी असले की माणसाला मतच नसतं आमच्या घरी.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांना लपवाछपवीबद्दल सांगितलं.

ते असं आहे. शाळेच्या माहितीपत्रकात छापलंय, ‘वर्गात फक्त वीस मुलं’. प्रत्यक्षात आम्ही आहोत चांगले तीसच्या वर. दरवर्षी नव्या पालकांना शाळा दाखवायला ‘स्वागत दिवस’ असतो. त्या दिवशी प्रत्येक वर्गात वीस निवडक मुलं बसवतात आणि उरलेली सगळी मागच्या व्यायामाच्या हॉलमध्ये नेऊन ठेवतात. दिवे बंद, पंखे बंद, तोंडं बंद. उरलेली म्हणजे कोण? कमी मार्कांची तर झालीच, पण ज्याला उत्तर द्यायच्या आधी ‘अं’ म्हणायची सवय आहे तो, जिचा गणवेश उसवलाय ती, ज्याला शिंका येतात तो. माझी मैत्रीण ठसका वर्गात तिसरी येते, पण ती हसायला लागली की तिला ठसका लागतो आणि मग ते थांबत नाही. ती चार वर्षं माझ्या शेजारीच अंधारात बसते.

हे ऐकून आई म्हणाली, ‘शाळा मुलं लपवते? मुलं म्हणजे काय फाटकी चादर आहे, पाहुणे आले की गादीखाली सरकवायला?’

‘तेच तर म्हणतेय मी!’

‘थापा पुरे,’ बाबा म्हणाले. ‘आणि आपणही जातोय स्वागत दिवसाला. प्रत्यक्षच बघू.’

खरं तर ज्यांचं एक मूल आधीच शाळेत आहे अशा पालकांना त्या दिवशी कुणी बोलावत नाही. ‘तुम्ही तर घरचेच, तुम्हाला काय दाखवायचं?’ असं ऑफिसमधून गोड आवाजात सांगतात. पण बाबांना डिजिटल फळा चालू झालेला बघायचा होता. ते म्हणाले, ‘आपलीच शाळा, आमंत्रण कशाला हवं?’ आणि ठरलं.

आईने आठवडाभर शंकासुराची तालीम घेतली. नव्या मुलांच्या मुलाखती त्याच दिवशी होत्या; त्यांत विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं, उलट प्रश्न एकही विचारायचा नाही. बाहेर पडेपर्यंत गप्प राहिलास तर सायकलला नवी घंटी. तो म्हणाला, ‘आणि मध्येच प्रश्न आला तर?’ आई म्हणाली, ‘गिळायचा.’ तो म्हणाला, ‘गिळलेला प्रश्न कुठे जातो?’ आईने कपाळावर हात मारला.

स्वागत दिवसाच्या सकाळी आम्हाला नेहमीप्रमाणे मागच्या जिन्याने हॉलकडे नेलं. आमच्यावर पहारा शिट्टीसरांचा. ते व्यायाम शिकवतात, मनाने भला माणूस, पण त्यांचं सगळं बोलणं शिट्टीतून. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पळा, लांब शिट्टी म्हणजे सुटलात. त्या दिवशी मात्र शिट्टी वाजवायची बंदी असल्यामुळे सर खिशातल्या शिट्टीवर सारखा हात फिरवत उभे होते.

आणि हॉलच्या दाराशी मुख्याध्यापिका स्वतः हजर. त्यांना आम्ही अत्तरबाई म्हणतो, कारण त्यांच्या आधी त्यांचा वास येतो. हॉलमध्ये नुकतीच नवी लाकडी फरशी बसवून घेतली होती आणि बाईंचा तिच्यावर फार जीव. इतका जीव त्यांनी आमच्यातल्या एकावरही लावला असता तर बरं झालं असतं.

‘एकसुद्धा बूट आत जाता कामा नये,’ त्या म्हणाल्या. ‘एकाही बुटाचा डाग दिसला तर तुम्हाला जबाबदार धरीन, सर.’

‘बूट मग कुठं ठेवू, बाई?’

‘बाहेर! ओळीत! व्यवस्थित!’ असं म्हणून त्या पाहुण्यांकडे गेल्या.

सरांनी आज्ञा पाळली. सगळ्या वर्गांची उरलेली पोरं, सगळ्यांचे काळे बूट, दारापासून मागच्या अंगणाच्या टोकापर्यंत ओळीत, व्यवस्थित. मुलं लपवायचा हुकूम आणि फरशी जपायचा हुकूम एकाच तोंडातून आले होते, आणि दोन्ही एकमेकांच्या मुळावर आलेत हे त्या तोंडाच्याही लक्षात आलं नाही आणि आमच्याही. माझ्या बुटाची एक नाडी हिरवी होती. काळी नाडी शंकासुराने ती किती वजन उचलते ते बघायला घेतली होती आणि तोडून परत दिली होती.

आत आम्ही मोजे घालून, वर्गवार, हजेरीच्या क्रमाने बसलो. सर कुजबुजत हजेरी घेतात, कुणी पळून जाऊ नये म्हणून. मग दार लोटलं, दिवे गेले. सर हात जोडून म्हणाले, ‘पोरांनो, नोकरीचा प्रश्न आहे. श्वाससुद्धा हळू घ्या.’ ठसका ओढणीएवढा रुमाल तोंडात कोंबून बसली. मला रडू येत होतं. समोरच्या इमारतीत माझी आई आणि बाबा चहा-बिस्किटं खात होते, माझा भाऊ मुलाखतीत पास होत होता आणि मी इथे अंधारात मूग गिळून बसले होते. मला माझाच राग आला.

पुढचं मला आईने नंतर सांगितलं.

डिजिटल फळा पाहून बाबा धन्य झाले. फळ्यावर ज्वालामुखी फुटत होता. नववीच्या वर्गात ते मला शोधत राहिले. वीस बाक, वीस पोरं, सगळ्यांचे केस चापून बसवलेले, पण मी नाही. त्यांनी हळूच वर्गाच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्या उपक्रमात असेल.’ बाबांना वाटलं, काहीतरी खास असणार. ते आईला कोपर मारून म्हणाले, ‘बघ, उपक्रमात आहे आपली.’

अत्तरबाई पुढे चालत सगळ्या पालकांना सांगत होत्या, ‘आमच्याकडे वर्गात वीसच. मी प्रत्येक मुलाला नावाने ओळखते. प्रत्येक मूल माझंच.’ बाबा मान डोलावत होते. शंकासुर मात्र प्रश्न गिळून गिळून लाल झाला होता. मुलाखतीत त्याने सगळी उत्तरं दिली, एकही प्रश्न विचारला नाही आणि बाई म्हणाल्या, ‘फारच गुणी!’ आईला वाटलं, जिंकलो. एवढं होऊन मंडळी पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या व्हरांड्यातून निघाली आणि शंकासुराने खाली बघितलं.

‘आई,’ तो म्हणाला.

‘घंटी,’ आई दातओठ खात म्हणाली.

‘नको मला घंटी! खाली एवढे बूट आहेत, तर मुलं कुठायत?’

सगळा व्हरांडा थांबला. अत्तरबाई पटकन म्हणाल्या, ‘ते... जुने आहेत. धुवायला काढलेत.’ पण शंकासुर काचेला नाक लावून बघत होता. ‘जुने नाहीत, त्यात ताईचा आहे! हिरवी नाडी!’ आणि तो सुटला. जिन्यावरून तो पुढे, त्याच्यामागे आई, आईमागे बाबा, बाबांमागे अत्तरबाई, ‘तिकडे काम चालू आहे, तिकडे काम चालू आहे’ म्हणत. आणि त्यांच्यामागे चहाचे कप सांभाळत बाकीचे सगळे पालक, कारण त्यांना वाटलं, शाळा बघायचा हाच पुढचा टप्पा.

आत आम्हाला एवढंच ऐकू आलं, की पावलं धडधडत आली आणि दाराशी थांबली. सरांनी डोळे मिटले. मग दारापलीकडून आवाज आला, जो मी कुठेही ओळखला असता.

‘ताई? तू आत आहेस का?’

मी सांगते, त्या क्षणी मला फार भीती वाटली. गप्प बसले असते तर बाईंनी काहीतरी गोड बोलून सगळ्यांना परत नेलं असतं आणि जूनमध्ये हा पोरगा माझ्या शाळेत आला असता. सर माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. सरांचं वाईट वाटत होतं. पण माझ्या भावाने मला प्रश्न विचारला होता. आणि आयुष्यात एकदा तरी या शाळेत कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर मिळायला हवं की नाही?

‘हजर!’ मी ओरडले.

घरचा शब्द ‘हो’ होता. पण या इमारतीत बसून बसून तोंडाला ‘हजर’चंच वळण पडलं होतं. आणि इथेच गंमत झाली. आम्ही बसलो होतो हजेरीच्या क्रमाने. वर्षानुवर्षांची सवय. माझ्यानंतरचा नंबर ठसक्याचा. तिने रुमाल थुंकला आणि म्हणाली, ‘हजर!’ तिच्यामागच्याने डोळे चोळत म्हटलं, ‘अं... हजर!’ मग पुढचा, मग पुढची, नववी संपली तशी आठवीने उचललं, आठवीचं सातवीने. कुणी विचार केला नाही, जीभच चालत होती. शिट्टीसर हवेत हात मारत होते, पण हात मारून हजेरी कुठे थांबते? अंधारातून ‘हजर, हजर’ चालूच, आणि मधून मधून ठसक्याचा ठसका.

कुणीतरी दार ढकललं. उजेड आत आला. दारात शंकासुर, हातात माझा बूट. मागे आई, बाबा आणि कप धरलेली मंडळी. सगळे आमच्याकडे बघत होते आणि आम्ही मोजे घालून त्यांच्याकडे.

अत्तरबाईंना मानलं पाहिजे. त्यांनी श्वास घेतला, हसल्या आणि म्हणाल्या, ‘हा आमचा एकाग्रतेचा तास! अंधारात मन स्थिर होतं.’

‘वा! काय शिस्त!’ एक काका म्हणाले. एका काकूंनी तर विचारलं, ‘आमच्या मुलाला याला बसता येईल का? फार चुळबुळ्या आहे हो.’ झालं! मला वाटलं, संपलं. झाकली मूठ उघडली तरी हे लोक टाळ्याच वाजवणार. मी बाबांकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर ज्वालामुखी बघितल्याचा आनंद अजून थोडा शिल्लक होता, आणि त्यांना बाईंचं म्हणणं पटवून घ्यायचं होतं, मला दिसत होतं ते. पाच वर्षं दोन स्टिकर लावून फिरलेला माणूस. त्याला एकदम कसं सोडवेल?

ते मोजे-बूट काही न बघता तरातरा आत येऊ लागले. ‘बूट! बूट काढा!’ अत्तरबाई किंचाळल्या. बाबा थांबले, वाकून बूट काढले, ओळीत ठेवले आणि मग माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘तुम्ही प्रत्येक मुलाला नावाने ओळखता ना? हिचं नाव काय?’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पाच वर्षं मी त्यांना रोज सकाळी गेटवर नमस्कार केलाय.

‘ही तर...’ त्या फार गोड हसल्या, ‘आमची अतिशय गुणी मुलगी.’

 बाबांचा हात माझ्या खांद्यावर जड झाला. ते विक्रीवाले आहेत, दिवसभर बोलतात, पण आता त्यांना शब्द सापडेनात. शेवटी सापडले ते दुकानातलेच.

‘आमच्याकडे पण असं करतात,’ ते म्हणाले. ‘चांगला माल काचेत पुढे. चरा पडलेला, पाय मोडलेला मागच्या खोलीत, गिऱ्हाईक गेलं की बघू म्हणून. पण बाई, ते सोफे असतात हो. ही माझी मुलगी आहे.’

मला रडू फुटलं, ते काही मी लपवत नाही. ठसकाही रडायला लागली आणि रडतानाही तिला ठसकाच लागला, त्यामुळे मी रडता रडता हसले. आई पुढे आली, तिने माझं तोंड पदराने पुसलं आणि बाईंना एवढंच म्हणाली, ‘धाकट्याचा अर्ज परत द्या.’ चहावाले पालक आता कपांत बघत होते. काकूंनी चुळबुळ्याबद्दल पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात शिट्टीसरांनी खिशातून शिट्टी काढली. त्यांना वाटलं असावं, नोकरी गेलीच आहे, तर निदान शिट्टी तरी वाजवू. त्यांनी लांब शिट्टी मारली, छाती रिकामी होईपर्यंत. सुटलात! सगळी उरलेली पोरं उठली आणि पाहुण्यांमधून, कपांमधून, अत्तरबाईंना वळसा घालून अंगणात धावली. बूट ओळीत होते ते पहिल्या झटक्यात विस्कटले. कुणाचा कुणाला होईना. सातवीचा पोरगा दोन डाव्या बुटांत उभा राहून बोंब मारत होता आणि तीन-चार पालक गुडघ्यावर बसून अनोळखी मुलांच्या नाड्या बांधत होते.

सरांची नोकरी गेली नाही, एवढ्या साक्षीदारांपुढे बाई काढणार तरी कशा. माझं काय करायचं ते घरी अजून ठरायचंय. पण सोमवारी मी वर्गात गेले तेव्हा आमचे सगळे, तीसच्या वर, बाकांवर दाटीने बसले होते आणि मी हात वर केला. समुद्राबद्दल विचारलं. बाईंनी मला बाहेर उभं केलं, तर ठसक्याने हात वर केला आणि तोच प्रश्न विचारला. तास संपायच्या आत अर्धा वर्ग बाहेर माझ्याशेजारी उभा होता आणि तिथे आम्ही तो प्रश्न सोडवला.

त्या स्वागत दिवशी घरी निघताना मात्र एवढंच झालं. बाबांनी मागचं स्टिकर नखाने खरवडून काढलं, पुढचं निघेना. शंकासुर स्कूटरवर आम्हा तिघांच्या मध्ये दाटून बसला, हातात माझी हिरवी नाडी. 

‘बाबा,’ मग तो म्हणाला, ‘मागच्या खोलीतले सोफे तुम्ही कधी विकता?’

 सिग्नलला थांबल्यावर बाबा म्हणाले, ‘माहीत नाही रे. उद्या बघून येतो.’